रविवारची बाई

(१९९५ च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांचा फोन आला तेव्हा मला सांगण्यात आलं, "तुला पंधरा मिनिटं. विषय : परदेशातलं माझं आयुष्य." मी विचारलं, सॉफ्टवेअरबद्दल बोलू का? पलीकडून उत्तर आलं, "नको, तुझं भाषण जेवणाच्या आधी आहे. लोक उठून जातील." तेव्हा माझ्या नोकरीबद्दल मी काहीच बोलणार नाही. इंजिनिअर झाले, संगणकाच्या कामात पडले, २००८ साली नवऱ्याबरोबर इंग्लंडला गेले आणि तिथेच राहिले. नोकरीची गोष्ट एवढीच आहे.

मी बोलणार आहे ते माझ्या दुसऱ्या कामाबद्दल. त्याला पगार नाही. उलट, हॉलच्या भाड्यात आम्हीच पैसे घालतो. दर रविवारी सकाळी साडेदहा ते साडेबारा मी मराठीची बाई असते. समोर आपल्या शाळेतले इतके खरे शिक्षक बसलेले असताना हे सांगताना थोडा संकोच वाटतो. पण बोलायचं कारण असं की, या वर्गातल्या एका माणसाची मला माफी मागायची आहे, आणि ती या गोष्टीशिवाय कळणार नाही.

आम्ही राहतो त्या गावाचं नाव स्विंडन. लंडनहून पश्चिमेला, रेल्वेने साधारण तासाभरावर. एकेकाळी तिथे रेल्वेचा मोठा कारखाना होता. आता तिथे गोव्याची माणसं इतकी आहेत, की दुकानात रांगेत उभं राहिलं तर मागून कोकणी ऐकू येते. मराठी घरं त्या मानाने कमी. माझी मुलगी तिथेच २०११ साली जन्मली. आम्ही दोघं तिच्याशी मराठी बोलायचो, ती इंग्रजीत उत्तर द्यायची, आणि आम्हाला वाटायचं चाललंय की. समजतं ना तिला, पुरे. परदेशातल्या बहुतेक घरांत हे असंच चालतं आणि बहुतेक घरांना ते पुरेसं वाटतं.

मग २२ जुलै २०२१ आला. त्या दिवसाबद्दल मी तुम्हाला काय सांगणार? तुमच्यापैकी निम्मे त्या पाण्यात होते. मी सांगू शकते ते दुसऱ्या टोकाचं. आपल्यापेक्षा तिथलं घड्याळ उन्हाळ्यात साडेचार तास मागे असतं. सकाळी सहाला उठले तेव्हा फोनवर बाबांचे संदेश येऊन पडले होते. पहिला पहाटेचा : "पाणी अंगणात आलंय. २००५ च्या खुणेच्या वर जाणार नाही, काळजी नको." दुसरा : "खूण गेली. वरच्या मजल्यावर शेजाऱ्यांकडे जातोय." त्यानंतर काही नाही. टीव्हीवर बाजारपेठ दिसत होती, म्हणजे दुकानांची छपरं दिसत होती. वाशिष्ठी कुठे संपते आणि गाव कुठे सुरू होतं ते कळत नव्हतं. कोविडमुळे भारताचं नाव तेव्हा तिकडच्या लाल यादीत होतं. इथून परत जाणाऱ्याला दहा दिवस हॉटेलात अडकावं लागायचं. पण खरं सांगते, विमान मिळालं असतं तरी चिपळुणात शिरणार कुठून होते?

शुक्रवारी संध्याकाळी कुणाच्या तरी फोनवरून आईचा आवाज आला. सगळे सुखरूप होते. मी रडत होते म्हणून मुलीने फोन घेतला. आई तिला म्हणाली, "जीव मुठीत धरून रात्र काढली गं बाळा." आणि पुढे पाच-सात मिनिटं बोलत राहिली. माणूस अशा प्रसंगातून वाचला की आधी बोलतो, थांबत नाही. मुलगी "हो आजी, हो आजी" करत होती. फोन ठेवल्यावर तिने मला इंग्रजीत विचारलं, "आजीने मुठीत काय धरलं होतं? दागिने का?"

दहा वर्षांची होती ती तेव्हा. तिला समजतं, असं मी दहा वर्षं धरून चालले होते. आयुष्यातली सर्वांत भयंकर रात्र माझी आई आपल्या एकुलत्या एका नातीला सांगत होती आणि त्यातलं पाव सुद्धा तिच्यापर्यंत पोचलं नव्हतं. आईला ते कळलंही नाही. त्या रात्री मला झोप लागली नाही, आणि ती पुरामुळे नव्हती.

सप्टेंबरमध्ये मुलीला गावातल्या रविवारच्या मराठी वर्गात घेऊन गेले. आसपासच्या घरांनी मिळून चालवलेला वर्ग, भाड्याचा हॉल. तिथल्या ताई म्हणाल्या, "मुलीला घेतो, पण लहान गटाला शिक्षक नाही. तुम्ही घ्याल?" मी म्हटलं, मला शिकवायचा अनुभव नाही. त्या म्हणाल्या, "इथे कुणालाच नाही." अशी मी शिक्षिका झाले.

तिकडे मुलांसमोर उभं राहायचं तर आधी पोलिसी नोंदींची सरकारी तपासणी होते. त्याला डीबीएस म्हणतात. मग मुलांच्या सुरक्षिततेचं प्रशिक्षण. मुलाबरोबर खोलीत एकटं थांबायचं नाही. कान धरणं, धपाटा घालणं तर सोडाच. वर्ग सुटला की एकेक मूल ठरलेल्या माणसाच्याच हातात द्यायचं. काका आले असतील तर काकांचं नाव आधी कळवलेलं हवं. हे सगळं शिकताना मला आपल्या शाळेची सुट्टी आठवत होती. घंटा झाली की आपण धरण फुटल्यासारखे बाहेर पडायचो आणि कोण कुणाच्या सायकलवर बसून कुठे गेलं ते कुणाला माहीत नसायचं.

पहिल्या वर्गाची तयारी मी इंजिनिअरसारखी केली. बारा आठवड्यांचं वेळापत्रक, रंगीत तक्ता, बाराखडीच्या छत्तीस स्लाइड. समोर सहा ते नऊ वर्षांची अकरा मुलं. वीस मिनिटांत माझं वेळापत्रक कोसळलं. 'अ अननसाचा' जमलं. 'ऐ ऐरणीचा' म्हटल्यावर एका मुलाने ऐरण म्हणजे काय विचारलं. मी मागे बसलेल्या पालकांकडे पाहिलं, पालकांनी माझ्याकडे पाहिलं. लोहाराचं दुकान आमच्यातल्या कुणीच धड बघितलेलं नव्हतं. 'ख खटाऱ्याचा' तेच. 'फ फणसाचा' ला मी खुशीत आले, तर एक मुलगी म्हणाली, फणस डब्यात असतो. तिच्या दृष्टीने बरोबरच होतं. गोव्याच्या दुकानात तो डब्यातच मिळतो.

मग मला काय हाक मारायची हा प्रश्न आला. त्यांच्या शाळेत शिक्षिकेला 'मिस' म्हणतात. मी म्हटलं, आपण मराठीत 'बाई' म्हणू. एक सात वर्षांचा मुलगा विचारात पडला आणि म्हणाला, "आजीकडे भांडी घासायला येतात, त्या बाई?" सगळे पालक खाली बघायला लागले. सुट्टीत पुण्या-मुंबईला आजीकडे गेल्यावर मुलांच्या कानावर 'आज बाई आली नाही' एवढंच पडतं. त्याचं काय चुकलं? मी म्हटलं, हो, त्याही बाई आणि मीही बाई. त्या आल्या नाहीत तर आजीचं अडतं ना? मी आले नाही तर तुमचं अडलं पाहिजे. त्या दिवसापासून मी त्यांची बाई आहे. हाक कानावर पडली की अजून मला वाटतं, मागे आपल्या मराठीच्या बाई उभ्या आहेत आणि त्यांनाच कुणीतरी बोलावतंय.

चौथ्या रविवारी मी मोठी चूक केली. एका मुलीने पाच ओळी लिहून आणल्या होत्या. मी लाल पेन काढलं आणि नऊ चुकांवर नऊ गोल केले, आपल्याला करत असत तसे. मुलगी काही बोलली नाही, पण पुढच्या रविवारी आली नाही. तिच्या आईने फार सौम्य शब्दांत कळवलं, की आठवडाभर शाळा, शनिवारी पोहणं, आणि रविवारी रडायला कशाला पाठवू? तिचंही खरं होतं. तिकडे गुजराती, बंगाली, पंजाबी, उर्दू या भाषांचा पेपर सोळाव्या वर्षीच्या शालान्त परीक्षेला देता येतो. मराठीचा नाही. म्हणजे मार्क नाहीत, प्रमाणपत्राचा उपयोग नाही. मूल रविवारी यायचं ते एकाच कारणाने, त्याला यावंसं वाटलं तर.

त्या रात्री मी आपल्या मराठीच्या बाईंना फोन केला. बाई, तुम्ही समोर बसला आहात. सव्वीस वर्षांनी फोन करत होते मी. ओळख सांगायच्या आधी तुम्ही आवाजावरून माझी तुकडी ओळखलीत. मी गाऱ्हाणं गायलं, की ही मुलं घरी मराठी बोलतच नाहीत, यांना 'ण' आणि 'ळ' म्हणता येत नाही, सगळी 'पानी' म्हणतात. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "अगं, मग मी काय वेगळं करत होते? तुमच्या वर्गातल्या निम्म्या मुलांच्या घरी पुस्तकातली मराठी कुठे होती? कुणाची संगमेश्वरी, कुणाची बाणकोटी. मीही तुम्हाला दुसरी भाषाच शिकवत होते. आधी बोलायला काहीतरी कारण दे. अक्षरं मागाहून येतात."

मग थोडं थांबून बाईंनी एका मुलाचं नाव घेतलं आणि विचारलं, "तो 'पानी' म्हणायचा. आठवतं?"

मला आठवत होतं. वाशिष्ठीपलीकडच्या गावातून तो एसटीने यायचा. आठवीत असताना उभं राहून धडा वाचताना त्याने 'पाणी' ऐवजी 'पानी' वाचलं आणि वर्ग हसला. सर्वांत मोठ्याने मी हसले. मी मॉनिटर होते, माझं शुद्ध होतं, आणि त्याचा मला फार गर्व होता. पुढे कितीतरी दिवस मधल्या सुट्टीत आम्ही त्याला 'पानी' अशी हाक मारत असू. त्यानंतर दहावीपर्यंत त्याने मराठीच्या तासाला हात वर केलेला मला आठवत नाही. बाई फोनवर म्हणाल्या, "त्या दिवशी मी तुम्हाला रागवायला हवं होतं. राहून गेलं." बाई, तुमचं काय चुकलं ते मला माहीत नाही. माझं काय चुकलं ते मात्र मला स्विंडनमध्ये अकरा मुलं 'पानी' म्हणायला लागल्यावर कळलं. त्यांना मी कधीच हसले नाही. तिकडच्या मुलांचं मला कौतुक वाटतं, जीभ वळत नाही बिचाऱ्यांची. आणि आपल्या गावातल्या, स्वतःच्या घरची भाषा नीट बोलणाऱ्या मुलाला मी हसले होते.

गोष्ट इथे संपत नाही. पूर ओसरल्यावर शनिवारी सकाळी आईकडे एक माणूस आला होता. गुडघाभर चिखल तुडवत, दोन्ही हातांत पिण्याच्या पाण्याचे कॅन. आपल्या वर्गाच्या ग्रुपवर मी आई-बाबांचा पत्ता टाकून कुणीतरी बघा म्हणून लिहिलं होतं, ते वाचून तो आला होता. आईने मला तेव्हा एवढंच सांगितलं, की तुझ्या वर्गातला कुणीतरी पाणी देऊन गेला, चहा घे म्हटलं तर थांबला नाही, पुढच्या घरांना द्यायचंय म्हणाला. नाव तिने विचारलं नव्हतं. बाईंशी बोलल्यावर मी ग्रुपवर चौकशी केली तेव्हा कळलं, तो तोच होता. मी त्याला फोन केला. बराच वेळ बोललो. माफीचं काढलं तर म्हणाला, "सोड गं, शाळेतलं ते." आज इथे नाव न घेण्याच्या अटीवर त्याने मला बोलायची परवानगी दिली आहे. म्हणून नाव घेत नाही. पण हसणं चारचौघांत होतं, तेव्हा माफीही चारचौघांत मागायला हवी. मित्रा, माझं चुकलं. आणि त्या पाण्याबद्दल तुझे उपकार मी विसरणार नाही.

आता वर्गाकडे परत येते. बाईंचं ऐकून मी बाराखडी बाजूला ठेवली आणि बोलायला कारण शोधलं. दर रविवारी मुलांना एक प्रश्न द्यायचा. तो आजी-आजोबांना फोनवर मराठीत विचारायचा आणि मिळालेलं उत्तर पुढच्या रविवारी वर्गात सांगायचं. पहिला प्रश्न होता, "तुम्ही पावसात शाळेत कसे जायचात?" काय काय उत्तरं आली! एकाने 'इरलं' आणलं, एकीने 'साकव' आणला. ओढ्यावरचा लाकडी साकव कसा हलायचा ते तिने खुर्चीवर उभं राहून दाखवलं. 'चूल', 'पडवी', 'कंदील', 'ओटी' असे शब्द जमत गेले. ते आम्ही एका वहीत लिहितो, आणि ज्याने शब्द आणला त्याचं नाव त्यापुढे. स्वतःचा शब्द स्वतःच्या हाताने लिहिता यावा म्हणून मुलांनी अक्षरं आपणहून मागून घेतली. नऊ गोलांची मुलगीही परत आली. तिच्या आजोबांनी तिला 'ऐरण' समजावून सांगितली होती. साताऱ्याकडचे ते आजोबा लहानपणी लोहाराच्या दारात तासन्‌तास बसत असत म्हणे.

आणखी एक सांगायचं आहे. स्विंडनच्या पूर्वेला, गाडीने अर्ध्या तासावर वाँटेज नावाचं लहानसं गाव आहे. उत्तरेला तासाभरावर चेल्टनहॅम. १८८३ साली पंडिता रमाबाई दोन वर्षांच्या मनोरमेला घेऊन इंग्लंडला आल्या त्या वाँटेजला, तिथल्या सिस्टर्सकडे उतरल्या. डॉक्टर व्हायचं मनात होतं, पण कानाने कमी ऐकू येऊ लागल्यामुळे तो बेत सोडावा लागला. मग १८८४ ते १८८६ त्या चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात होत्या. स्वतः शिकत होत्या आणि तिथेच संस्कृत शिकवतही होत्या. त्यांनी तरुण पुरुषांना शिकवावं की नाही यावर बड्या धर्मगुरूंनी हरकत घेतली. रमाबाईंनी ती मुकाट्याने मान्य केली नाही, पत्रं लिहून वाद घातला. पुढे अमेरिकेत बालशिक्षण पाहून त्या परतल्या आणि १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढलं. त्या सदनातली पहिली विधवा विद्यार्थिनी आपल्याच रत्नागिरी जिल्ह्यातली, गोदूबाई. म्हणजे पुढच्या बाया कर्वे, महर्षी कर्व्यांच्या पत्नी. मी वाँटेजला मुलांना एकदा सहलीला नेलं तेव्हा हे सगळं सांगितलं. एका मुलीने विचारलं, मनोरमा घरी कुठली भाषा बोलायची? मला उत्तर देता आलं नाही. पण एकशे चाळीस वर्षांपूर्वी त्याच रस्त्यांवर एक मराठी बाई, मांडीवर मूल आणि समोर परके विद्यार्थी अशी उभी होती, हे कळल्यापासून माझं काम मला फार अवघड वाटत नाही.

आपल्या कोकणातून एकोणिसाव्या शतकात मजूर म्हणून मॉरिशसला गेलेल्या लोकांचे पणतू-खापरपणतू आज घरी बहुतेक क्रिओल बोलतात. तरी तिथल्या सरकारी शाळांत मराठी शिकवली जाते. म्हणजे घरात मागे पडलेली भाषा टिकवायची तर कुणीतरी वर्ग घ्यावा लागतो. दुसरा उपाय मला तरी सापडलेला नाही.

म्हणून आता एक मागणं. आपल्यापैकी कितीतरी जण आता निवृत्तीकडे आलेत, आणि आपले शिक्षक तर केव्हाच मोकळे झालेत. ज्या मुलांचे आजी-आजोबा नाहीत, त्यांच्या प्रश्नाला उत्तर द्यायला मला माणसं हवी आहेत. रविवारी इथल्या दुपारी, उन्हाळ्यात तीन आणि हिवाळ्यात चार वाजता आमचा वर्ग भरतो. मी वर्गात असताना पडद्यावर पंधरा मिनिटं बोलायचं. शुद्ध बोलायची अट नाही. संगमेश्वरी चालेल, बाणकोटी चालेल. 'पानी' तर हवंच आहे. ज्यांना जमेल त्यांनी जेवणानंतर माझ्याकडे नाव द्यावं. पहिलं नाव आधीच आलंय. ते कुणाचं असेल ते तुम्ही ओळखलं असेल.

शेवटचं सांगते आणि जेवायला सोडते. माझी मुलगी आता चौदा वर्षांची आहे आणि वर्गात लहान गटाला मदत करते. आम्ही परवा इथे आलो. काल संध्याकाळी ती आजीबरोबर ओटीवर बसली होती. घराच्या भिंतीवर २०२१ च्या पाण्याची खूण बाबांनी रंगवताना मुद्दाम ठेवली आहे. त्या खुणेकडे बोट दाखवून ती म्हणाली, "आजी, त्या रात्रीचं परत सांग ना. तेव्हा मला कळलं नव्हतं." आई सांगायला लागली. वाचन मंदिरातली भिजलेली पुस्तकं, शेजाऱ्यांच्या माळ्यावर बसलेली आठ माणसं, एका मेणबत्तीवर काढलेली रात्र. मुलगी मध्ये मध्ये प्रश्न विचारत होती. तिचे लिंग-वचनाचे घोटाळे होतात अजून, आई त्यांच्यासाठी थांबत नव्हती. तासभर चाललं होतं. मी जवळच होते, पण कुणाला कशाचा अर्थ सांगावा लागला नाही. म्हणून मी उठले आणि आत जाऊन चहा ठेवला.